पेशवाईतली प्रेमकथा लिहिताना: नव्या लेखकांसाठी

माझ्या पहिल्या ऐतिहासिक कथेची सुरुवात अशी होती:

"दिनांक १४ जानेवारी १७६१. संक्रांतीची रात्र. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून उमा उभी होती. बाहेर मिट्ट काळोख होता. तिने काडी ओढून दिवा लावला. 'त्रिंबक, कधी येशील रे तू?' ती पुटपुटली. उद्या एकादशी. साबुदाण्याची खिचडी त्याला किती आवडायची! अठराव्या वर्षी, घरच्यांचा विरोध पत्करून तिने त्याच्याशी लग्न केलं होतं."

तेव्हा मला हा परिच्छेद फार आवडला होता. मोडी वाचणाऱ्या एका परिचित बाईंना मी तो दाखवला. त्यांनी पेन्सिलीने एकेका शब्दाखाली रेघ ओढायला घेतली. नऊ वाक्यांत दहा रेघा झाल्या. त्या दुरुस्त करायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत माझ्या ध्यानात आलं की मी तपशील बदलत नव्हते, माणसं बदलत होते. माझी उमा आजच्या मुलीसारखा विचार करत होती, लुगडं तेवढं तिला जुनं नेसवलं होतं. त्या काळात उमाला जे करता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, त्यातूनच तिच्या प्रेमाची गोष्ट तयार होते. म्हणून हा लेख वाचताना "हे चालणार नाही" असं जिथे येईल तिथे हिरमुसू नका. तिथे थोडं थांबा. बहुतेक वेळा तुमचा पुढचा प्रसंग तिथेच सापडतो.

हाच उतारा पुढे ठेवून एकेक पायरी बघू.

पहिली पायरी: साल धरा, मग तिथी काढा

"पेशवाईचा काळ" एवढ्यावर कथा उभी राहत नाही. शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला आणि पेशवाई बुडाली १८१८ साली. या अठ्ठ्याऐंशी वर्षांत पुणं पार बदललं. पहिल्या बाजीरावांच्या वेळचं पुणं ही नुकती वाढू लागलेली वस्ती होती. दुसऱ्या बाजीरावांच्या पुण्यात इंग्रजांची रेसिडेन्सी होती. तेव्हा एक साल धरा, शक्यतो एक महिना धरा, आणि कागदाच्या उभ्या पट्टीवर लिहून काढा: पेशवा कोण, छत्रपती कोण, फौज कुठे गेली आहे, घरातला कर्ता पुरुष गावात आहे की स्वारीवर.

नंतर तिथी काढा. हे काम बहुतेक नवे लेखक टाळतात, आणि सर्वांत जास्त फायदा याच कामाचा होतो. शके काढायला इसवी सनातून ७८ वजा करायचे. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांना मात्र ७९, कारण शक पाडव्याला बदलतो. म्हणून १७६१ चा जानेवारी हा शके १६८२ च. पानिपतची लढाई झाली तो दिवस पौष शुद्ध अष्टमीचा, बुधवार.

आता माझा उतारा बघा. अष्टमीला अर्धा चंद्र असतो आणि तो साधारण मध्यरात्री मावळतो. म्हणजे रात्रीच्या पहिल्या दोन प्रहरांत मिट्ट काळोख नव्हताच, चांदणं होतं. अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी एकादशी येत नाही, नवमी येते. आणि संक्रांत? पानिपत संक्रांतीला झालं असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण संक्रांतीची इंग्रजी तारीख शतकागणिक पुढे सरकत आली आहे. १७६१ साली ती १४ जानेवारीच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. तिळगूळ वाटून झाला होता, सुगडांचं वाण देऊन झालं होतं, आणि मग लढाई झाली. माझ्या कथेला हेच जास्त उपयोगी पडलं: उमाने त्याच्या वाटणीचे चार तिळाचे लाडू डब्यात झाकून ठेवले आहेत आणि ते आता कडक होत चालले आहेत.

इंग्रजी साधनं वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंग्रजांनी पंचांग सुधारलं ते १७५२ साली. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातच. त्यामुळे १७५२ च्या आधी मुंबईच्या इंग्रजांनी लिहिलेली तारीख आणि गोव्याच्या पोर्तुगिजांनी लिहिलेली तारीख यांत अठराव्या शतकात अकरा दिवसांचा फरक पडतो. वसईच्या मोहिमेवर लिहिणाऱ्याची यात हमखास फसगत होते.

वेळही त्या काळाची हवी. "पाच मिनिटांत येतो" म्हणणारा शिलेदार नको. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं, दिवसरात्र मिळून साठ घटका, आठ प्रहर. पाण्यात तरंगणारी भोकाची वाटी बुडली की घटका भरली. विरहाचा प्रसंग लिहायचा असेल तर ते घंगाळ आणि ती वाटी कुठल्याही घड्याळापेक्षा कामाला येतील.

गावाचा नकाशाही सालाप्रमाणे तपासा. सदाशिव पेठेला नाव मिळालं ते पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं, आणि ती वसली नंतर, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत. मी माझ्या नायिकेला त्याच दिवशी त्या पेठेत उभं केलं होतं, ज्या दिवशी भाऊ रणात होते! उमा कसब्यात राहायला गेली आणि प्रश्न मिटला.

दुसरी पायरी: नायिकेचं वय

ही सगळ्यांत अवघड पायरी, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेते.

पेशवाईतल्या ब्राह्मण घरात अठरा वर्षांची अविवाहित मुलगी नसते. मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होऊन गेलेलं असतं. मुलगेही लहानच असत. थोरल्या माधवरावांचं लग्न १७५३ साली झालं तेव्हा त्यांचं नववं वर्ष सरत होतं. मुलगी सासर-माहेर करत वाढायची. न्हाण आलं की तिला मखरात बसवत, आणि पुढे फलशोभनाचा, म्हणजे नवरा-बायकोने प्रथम एकत्र येण्याचा, विधी होई. विसाव्या वर्षापर्यंत ती सून म्हणून घरात मुरलेली असे. नाही तर विधवा, केस काढलेली, लाल अलवणात.

मग प्रेमकथा लिहायची कशी? दोन वाटा लोक चटकन धरतात आणि दोन्ही खोट्या आहेत. एक, आजच्यासारखी कॉलेजकन्या त्या काळात नेऊन ठेवायची. दुसरी, "तेव्हा असंच असायचं" म्हणून बालवधूभोवतीच शृंगार रचायचा. ही दुसरी वाट मी तरी धरणार नाही, आणि तुम्हीही धरू नये. दहा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला आलेलं भय, माहेरची ओढ, सासूचा धाक हे सगळं लिहावं, तसंच लिहावं. ते प्रेमाच्या रंगात बुडवू नये.

तिसरी वाट खरी आहे आणि मोकळी आहे: लग्नाला दहा-बारा वर्षं झालेली, दोघंही जाणती, आणि आत्ता कुठे एकमेकांकडे बघू लागलेली. माझी उमा बावीस वर्षांची झाली, त्रिंबक सव्वीसचा. एका छपराखाली वाढूनही त्यांनी एकमेकांशी निवांत चार वाक्यं बोललेली नाहीत. तो स्वारीवर गेल्यावर तिच्या ध्यानात येतं की त्याच्या खडावांचा आवाज आपल्याला पाठ आहे.

नात्यातून प्रेम कसं उमलतं याचा पुरावा हवा असेल तर एकोणिसाव्या शतकातल्या बायकांनी लिहून ठेवलेल्या आठवणी वाचा. रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ साली, अकराव्या वर्षी झालं. त्यांचे पती न्यायमूर्ती माधवराव रानडे यांनी त्यांना शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांनी त्यावरून किती बोलणी ऐकवली, हे त्यांच्या १९१० साली आलेल्या आठवणींत आहे. नवरा शिकवतो आणि घर रागावतं: नवरा-बायकोच्या जवळिकीला असाही रस्ता असतो. फक्त १८७३ चं घर उचलून १७६१ मध्ये ठेवू नका. मधल्या शंभर वर्षांत छापखाना आला, शाळा आली, रेल्वे आली.

आणि एक जरूर लक्षात घ्या: पुण्यातला ब्राह्मण वाडा म्हणजे सगळी पेशवाई नव्हे. कुणबी आणि इतर अनेक जातींत विधवेचा पाट लागत असे, त्याला मोहतूरही म्हणत. सरकार त्यावर कर घेई, त्याला पाटदाम असं नावच होतं. म्हणजे तरण्या विधवेची दुसऱ्या लग्नाची गोष्ट १७६१ साली मावळातल्या कुणब्याच्या घरात अगदी स्वाभाविक आहे, तीच कसब्यातल्या भटजींच्या घरात अशक्य. ब्राह्मण घरातलाच पुनर्विवाह हवा असेल तर काळ बदला, कायदा झाला १८५६ साली त्याच्या पुढे या. धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं ते १८९३ साली, आणि तेव्हाही मुरूडच्या मंडळींनी त्यांना वाळीत टाकलं.

तिसरी पायरी: वाड्यात फिरून या

कागदावर वाड्याचा नकाशा काढा. ओसरी पुरुषांची, माजघर बायकांचं, मधे चौक, मागे परसदार आणि विहीर. एकांत कुठेच नाही. तुमचे दोघं कुठे भेटणार? दिवसा नवरा-बायकोने वडीलधाऱ्यांसमोर बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. मग उरतात चोरटे क्षण: विहिरीवर रहाटाच्या आवाजात, कीर्तनाहून परतताना, जिन्यात वरखाली जाताना.

सोवळं विसरू नका. स्वयंपाक सोवळ्यात, जेवणं सोवळ्यात. ती वाढते आहे, तो पाटावर बसला आहे, दोघांत हातभर अंतर आहे आणि शिवायचं नाही. महिन्याचे चार दिवस ती बाहेर बसलेली असते, तेव्हा तर सावलीही लांब. मी हे आधी नुसतं "रूढी" म्हणून एका वाक्यात उरकलं होतं. नंतर वाढण्याचा तोच प्रसंग सबंध पानभर लिहिला: ती तूप वाढते, तो "पुरे" म्हणण्यासाठी हात आडवा धरतो आणि क्षणभर उशिरा धरतो, तेवढीच धार भातावर जास्त पडते. सासू बघते आहे.

उजेडही तपासा. काड्यापेटी नव्हती, चकमक होती. बहुतेक घरात राखेखाली निखारा जपलेला असे. रॉकेल नव्हतं. समई, पणती, बाहेर दिवट्या आणि मशाली. खिडकीला काच नाही, लाकडी गज आणि झडपा.

उत्तरेकडून आलेले प्रसंग ओळखून बाजूला काढा. आमच्या लग्नात अंतरपाट, मंगलाष्टकं, लाजाहोम, सप्तपदी. मुंडावळ्या आणि हळद. भांगात सिंदूर नाही, कपाळावर कुंकू. घुंघट उचलण्याचा प्रसंग मराठी ब्राह्मण घरात येत नाही. मोठ्या मराठा सरदारांच्या घरी गोषा असे, तिथली रीत वेगळी. करवा चौथ नको. त्याऐवजी श्रावणातली मंगळागौर घ्या: नवविवाहिता रात्रभर जागतात, झिम्मा-फुगड्या, उखाणे, आणि पुरुष ओसरीवरून ऐकत असतात. वर्षभर ज्याचं नाव उच्चारायचं नाही ते नाव सगळ्यांसमोर, उखाण्यात, हसत घ्यायचं! याहून चांगला प्रसंग कुठून आणणार?

चौथी पायरी: भाषा

नवऱ्याला "त्रिंबक" आणि "तू" ही माझी सगळ्यांत मोठी चूक होती. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. ती त्याच्याबद्दल "स्वारी" म्हणते, "इकडून येणं झालं" म्हणते, कर्त्यालाच वाक्यातून पुसून टाकते. ही बोली आपल्याला एकोणिसाव्या शतकातल्या लिखाणातून चांगली ओळखीची आहे. पेशवाईच्या कथेत ती जपून, थोडी वापरा. तिचंही नाव लग्नात बदललेलं असतं. माझी उमा माहेरी ठकू होती. त्रिंबकाला हे नाव ठाऊक आहे की नाही, हे तिला अकरा वर्षं कळलेलं नाही.

पेशवाईची मराठी संस्कृतप्रचुर नव्हती. पत्रं वाचली की कळतं, ती फारसी शब्दांनी भरलेली आहे: रवाना, मजकूर, हुजूर, अर्ज, तजवीज, खुद्द. "दिनांक" हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीतून रुळला. अठराव्या शतकातला कारकून "मिती पौष शुद्ध ८" लिहील किंवा "छ" घालून मुसलमानी महिन्याचा चंद्र देईल. एखाद्या शब्दाबद्दल शंका आली की मोल्सवर्थचा कोश उघडा. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, आणि तो इंटरनेटवर शोधता येतो. शब्द तिथे नसेल तर तो वापरण्याआधी दोनदा विचार करा. मात्र सगळी कथा जुन्या भाषेत लिहू नका, वाचक दमतो. निवेदन आजच्या साध्या मराठीत ठेवा, फक्त त्यात आजचे शब्द डोकावू देऊ नका; "ताण", "नातं जपणं", "स्पेस" यांना तिथे जागा नाही.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य तर खोडूनच टाका. शृंगाराचे शब्द हवेत तर होनाजी बाळा, राम जोशी, प्रभाकर यांच्या लावण्या वाचा, तिथे विरहाची भाषा मोकळी आहे. घरातल्या माणसांना ती मोकळीक नाही. त्यांचा शब्द वेगळा आहे, आणि तो पत्रांच्या शेवटी सापडतो: "बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा." लोभ. किती भरलेला शब्द आहे हा!

पत्राचंच घ्या. त्रिंबक उमाला पत्र लिहू शकत नाही. तो वडिलांना लिहितो: "तीर्थरूप वडिलांचे सेवेसी, साष्टांग नमस्कार, येथील क्षेम." बोरूने, मोडीत, वर वाळू टाकून शाई टिपलेली. जासूद ते घेऊन येतो, मामंजी ओसरीवर मोठ्याने वाचतात आणि उमा माजघराच्या दाराआड उभी राहून ऐकते. तिच्यासाठी त्यात काय असेल? "घरातील मंडळीस आशीर्वाद." एवढंच. मंडळी म्हणजे सगळे, आणि मंडळी म्हणजे बायकोही. माझ्या कथेत तो पुढे एक ओळ जास्त लिहितो: "परसातील ठकीचे रोपास पाणी घालीत जावे." मामंजी चष्म्याशिवाय डोळे बारीक करून पुन्हा वाचतात, "ठकीचं रोप? हे कुठलं?" दाराआडच्या बाईला मात्र कळतं.

पाचवी पायरी: ताट आणि वस्त्र

हे पटकन. बटाटा, शेंगदाणा, टोमॅटो आपल्या घरोघरी रुळले ते एकोणिसाव्या शतकात आणि नंतर. साबुदाण्याची खिचडी तर त्याहून अलीकडची. उपासाला वरीचे तांदूळ, शिंगाडा. पाहुण्याला चहा नाही, गूळपाणी आणि विडा. मिरची चालेल, ती पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकातच आली होती. पुरणपोळी, श्रीखंड बिनधास्त वाढा. लुगड्याला कासोटा, चोळीला पुढे गाठ. हूक आणि सेफ्टीपिन नको. पुरुषांच्या अंगरख्याला बटणांऐवजी बंद. बंद सोडणं, बांधणं यात तुमचा एखादा प्रसंग दडलेला असेल, बघा.

सहावी पायरी: खरी माणसं

काशीबाई, मस्तानी, थोरल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई अशांना नायिका करण्याचा मोह होतो. नव्याने लिहिणाऱ्याने तो आवरावा असं मी मनापासून सांगेन. मस्तानीबद्दल समकालीन कागद फार थोडे आहेत आणि दंतकथा पुष्कळ. आपण लिहिलेलं वाचक इतिहास म्हणून धरून बसतात. काल्पनिक माणसं पुढे ठेवा आणि खरी माणसं खिडकीतून दिसू द्या.

माझ्या कथेत पार्वतीबाई अशाच दिसतात. सदाशिवरावभाऊंच्या या पत्नी स्वतः पानिपतावर होत्या, वाचल्या, पुण्याला परतल्या. भाऊ गेले हे त्यांनी मानलं नाही आणि कुंकू पुसलं नाही. पुढे भाऊंचं नाव सांगणारा तोतया उभा राहिला, त्याला १७७६ साली देहान्त शिक्षा झाली. पार्वतीबाई १७८३ साली गेल्या. बावीस वर्षं वाट बघणं, एवढं कागदावर आहे. त्या रात्री त्या काय विचार करत होत्या, हे कागदावर नाही. मी त्यांच्या मनात शिरले नाही. माझ्या उमाला देवळात दुरून त्यांचं कुंकू दिसतं, आणि मग आपलं पुसावं की नाही हे उमाला ठरवायचं आहे. खऱ्या बाईचा मान राहिला आणि माझ्या बाईला गोष्ट मिळाली.

कागद कुठे मिळतील? राजवाड्यांनी छापलेले मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड, रियासतकार सरदेसायांनी संपादन केलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड, १९१० साली स्थापन झालेलं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ. पहिल्याच दिवशी सगळं वाचायला बसू नका. तुमच्या सालाच्या आगेमागे दोन वर्षांची पत्रं वाचा, आणि मोठ्या राजकारणाच्या पत्रांपेक्षा खर्चाच्या याद्या जास्त बघा. तूप किती आलं, लुगडं केवढ्याचं, कोण आजारी: कथा तिथे असते.

सातवी पायरी: खोडा

शोधलेल्यातलं बरंचसं पानावर येता कामा नये. उमाला समई म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, तेव्हा तिच्या डोळ्यांनी लिहिताना तुम्हीही समजावू नका. बदल मुद्दाम केला असेल, दोन वर्षांचा प्रसंग एका वर्षात आणला असेल, तर शेवटी चार ओळींची टीप देऊन तसं मोकळेपणी सांगा. आणि हस्तलिखित दोघांना वाचायला द्या: एक इतिहासाची जाणकार, दुसरी घरातली सगळ्यांत म्हातारी बाई. दुसरीला सोवळ्यातल्या चुका दिसतात, त्या पहिलीला दिसत नाहीत.

माझा तो परिच्छेद शेवटी असा झाला:

"पौष शुद्ध अष्टमी. कसब्यातल्या वाड्यात निजानीज झाली होती. झडपेच्या फटीतून अर्ध्या चंद्राचा उजेड माजघराच्या जमिनीवर आला होता. उमाने डबा उघडला. लाडू चार होते, संक्रांतीचे, कडक झालेले. शेवटचं पत्र दसऱ्याच्या सुमाराचं, कुंजपुऱ्याहून आलेलं. अब्दाली यमुना उतरून मधे आला म्हणतात, तेव्हापासून डाक बंद. तिने डबा लावला. मग उठून, तांब्या घेऊन, अंधारात चाचपत परसात गेली. तिथे ठकीचं रोप नव्हतं, कधीच नव्हतं. तुळशीशेजारच्या मोकळ्या मातीवर तिने पाणी घातलं."